वीज गेली तर कोळशाची बादली खाली का कोसळत नाही?

वाफेच्या इंजिनांना कोळसा भरायच्या जुन्या काँक्रीट टॉवरचा फोटो बघितला की बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच शंका येते, ही एवढी जड बादली विजेवर वर चढते, मग मधेच वीज गेली तर काय होत असेल? धाडकन खाली येणार ना? उत्तर इतकं सुंदर आहे की त्यावर लिहावंसं वाटलं.

आधी टॉवर थोडक्यात. वॅगनमधला कोळसा रुळांखालच्या खड्ड्यात ओततात, तिथून बादली तो वरच्या कोठीत नेते आणि वरच्या वळणदार रुळांवर आपोआप कलंडते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या थर्मंडला १९२२ सालचा, ५०० टन कोळसा मावणारा टॉवर अजून उभा आहे. इंग्लंडात कार्नफर्थला तर अख्खी वॅगनच उचलून वर उलटी करायचे!

बऱ्याच ठिकाणी बादल्या दोन असायच्या, मोटरने फिरणाऱ्या एकाच ड्रमवर उलटसुलट गुंडाळलेल्या तारांना लटकवलेल्या, म्हणजे एक वर गेली की दुसरी खाली. समजा रिकामी बादली १ टन आणि आत कोळसा २ टन. बादल्यांची वजनं एकमेकांना तोलतात आणि मोटरला फक्त २ टन कोळसाच उचलावा लागतो. २५ मीटर उंचीसाठी ही ऊर्जा होते साधारण ४९० किलोज्यूल, एका मिनिटात चढवायचं तर ८ किलोवॅटच्या आसपास, घर्षण वेगळं. गंमत म्हणजे एवढी उष्णता चांगल्या कोळशाच्या २० ग्रॅममध्येच असते. मात्र 'वजनाला वजन बांधा आणि फुकट वीज मिळवा' असले जे व्हिडिओ फिरतात ना, ते निव्वळ थापा आहेत, तोलल्यामुळे बादल्यांचं ओझं वाचतं पण कोळसा वर चढवायची ऊर्जा द्यावीच लागते.

आता ब्रेक. आपल्याला वाटतं वीज ब्रेक लावते, प्रत्यक्षात बरोबर उलटं आहे. ड्रमच्या शाफ्टवर ब्रेकचे पॅड एका दणकट स्प्रिंगने कायम दाबलेले असतात, म्हणजे काहीच केलं नाही तर ब्रेक लागलेलाच. ऑपरेटरने हँडल फिरवलं की मोटरबरोबर एका इलेक्ट्रोमॅग्नेटलाही करंट मिळतो, तो स्प्रिंगवर मात करून पॅड उघडतो आणि ड्रम फिरायला मोकळा होतो. करंट थांबला की चुंबक सोडून देतो आणि स्प्रिंग लगेच ड्रम जखडते. मग करंट ऑपरेटरने बंद केलेला असो, वायर तुटलेली असो नाहीतर अख्खी वीज गेलेली असो, ब्रेकला त्याने काही फरक पडत नाही. हा ब्रेक नसता तर भरलेली बादली खाली सुटली असती आणि रिकामी सुसाट वर गेली असती, मोटर उलटी गरगरवत. आपल्या लिफ्टमध्ये हेच तत्त्व आहे आणि रेल्वेच्या एअर ब्रेकमध्येही, तिथे पाइपमधल्या हवेचा दाब ब्रेक सैल ठेवतो, पाइप फुटला की गाडी आपोआप थांबते.

बादली टोकाला पोचली की लिमिट स्विच करंट तोडतो, नाहीतर ती वरच्या कप्पीवर आदळून तार तुटेल. आणि सुरुवातीला? उभ्या मोटरमध्ये उलटा व्होल्टेज (मोटर फिरताना तिच्यात तयार होणारा आणि करंटला अडवणारा) तयार झालेला नसतो म्हणून करंट प्रचंड ओढला जातो, त्यामुळे स्लिपरिंग मोटर (जिच्या रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, कड्यांमधून बाहेरचं सर्किट जोडता येतं) असेल तर रोटरच्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स घालून हा रेझिस्टन्स टप्प्याटप्प्याने कमी करत जायचं, त्याने करंट आवरतो आणि टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, मात्र भरपूर मिळतो.

खाली इंजिन येऊन उभं राहिलं की टेंडर (इंजिनामागचा कोळशाचा डबा) भरायला मात्र ही मोटर लागतच नाही. साखळी ओढून गेट उघडलं की कोठीतला कोळसा उतरत्या तळावरून आपल्याच वजनाने घसरत खाली येतो, वीज गेलेली असली तरी.