ऋण प्रबलन की शिक्षा? पेटीचे दोन सूर आणि एक मांजर

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास शिकवताना सर्वांत जास्त घोळ ‘ऋण प्रबलन’ (negative reinforcement) आणि ‘शिक्षा’ (punishment) याच जोडीत होतो. ‘ऋण’ शब्द ऐकला की मुलं ‘वाईट’ समजतात आणि ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच, असं लिहून मोकळी होतात. यात त्यांचा फार दोष नाही. खुद्द वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने 1938 च्या पुस्तकात हा शब्द आज आपण ज्याला शिक्षा म्हणतो त्या अंगाने वापरला होता. 1953 च्या पुस्तकात त्याने आजचा अर्थ पक्का केला.

आजचा अर्थ असा. नकोशी गोष्ट थांबते म्हणून एखादं वागणं वाढतं, ते ऋण प्रबलन. वागण्याच्या परिणामामुळे ते वागणं कमी होतं, ती शिक्षा. कासरा ओढला, बैल वळला, कासरा सैल झाला; पुढच्या वेळी बैल लवकर वळतो. हे ऋण प्रबलन. बैलाने उभ्या पिकात तोंड घातलं, चाबूक बसला, तोंड घालणं कमी झालं. ही शिक्षा. मुसकी बांधली तर यातलं काहीच नाही, कारण बैल काही शिकलाच नाही. त्याला फक्त खाता येत नाही.

व्याख्या फळ्यावर लिहून हा फरक डोक्यात बसत नाही. कानाने बसतो, कारण सूर सुरू होणं आणि सूर थांबणं हे दोन्ही लख्ख ऐकू येतं. त्यासाठी एक पेटी पुरते. पांढरी एक आणि काळी एक या शेजारच्या पट्ट्या एकदम दाबा. दोन सूर एकमेकांवर घासतात आणि ऐकणाऱ्याला ते कधी थांबतील असं होतं. आवाज बोलण्यापेक्षा मोठा नको.

पहिली फेरी ऋण प्रबलनाची. एका विद्यार्थ्याला त्याच्या संमतीने बाहेर पाठवा. वर्गाने एक साधी कृती ठरवावी, समजा डस्टरला हात लावणं. तो आत येतो तेव्हा पेटी वाजतच असते. हात लागला की त्याच क्षणी बोटं उचला. सूर थांबवायला नुसता भाता सोडून देऊ नका. आतली हवा संपेपर्यंत सूर रेंगाळतो आणि सगळा खेळ बिघडतो. दहा सेकंद शांतता, मग पुन्हा सूर. तीन मिनिटांत हात किती वेळा लागला ते एकाने मोजावं. पहिला स्पर्श योगायोगाने होतो, पुढचे झपाट्याने येतात.

दुसरी फेरी शिक्षेची. दुसऱ्या विद्यार्थ्याला कोणत्याही विषयावर दोन मिनिटं बोलू द्या आणि तो किती वेळा ‘म्हणजे’ म्हणतो ते गुपचूप मोजा. ही मोजणी टाळली तर घट झाली की नाही हे कळणारच नाही. पुढची दोन मिनिटं प्रत्येक ‘म्हणजे’ला सेकंदभर तेच दोन सूर. आकडा उतरतो. पेटी तीच, सूर तेच. एकीकडे थांबल्याने वागणं वाढलं, दुसरीकडे सुरू झाल्याने घटलं.

बिघडतं ते बहुधा वेळेत. पहिल्या फेरीत बोटं तीन सेकंद उशिरा उचलली, तर तोवर विद्यार्थी डस्टर सोडून खिडकीकडे वळलेला असतो आणि खिडकीकडे वळणंच पक्कं होतं. दुसरी अडचण हशाची. ‘म्हणजे’ला वर्ग खो-खो हसला की काही मुलं मुद्दाम ‘म्हणजे’ म्हणायला लागतात. आकडा वाढतो. तेव्हा फेरी रद्द करू नका, इथेच थांबून विचारा: ही शिक्षा झाली का? नाही. वागणं घटलं नाही, म्हणजे शिक्षा घडलीच नाही. हशाने धन प्रबलन केलं, म्हणजे हवीशी गोष्ट मिळाल्याने वागणं वाढलं. बुजऱ्या मुलावर मात्र हाच हशा खरी शिक्षा ठरतो आणि तो पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून पुढे येणारा स्वखुशीचा हवा.

मग गाणं. केरवा तालाच्या आठ मात्रांत बसतं. अर्ध्या वर्गाने चार मात्रांत विचारायचं, उरलेल्यांनी चार मात्रांत उत्तर द्यायचं:

वागणं वाढलं? प्रबलन म्हण!
वागणं घटलं? शिक्षा म्हण!
काही आलं? पुढे धन!
काही गेलं? पुढे ऋण!

‘पुढे’ म्हणजे ‘प्रबलन’ किंवा ‘शिक्षा’ या शब्दाच्या आधी. ओळींचा क्रम बदलू नका. आधी वाढ-घट, नंतरच आलं-गेलं. सगळी गल्लत ‘ऋण’पासून सुरुवात केल्याने होते. आणि नुसतं गाणं पाठ होणं हा धोका आहेच, म्हणून प्रत्येक आवर्तनानंतर एक नवं उदाहरण टाका.

विनोदाचंही तसंच. 1977 मध्ये कॅप्लन आणि पॅस्को या संशोधकांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. विनोदी उदाहरणांतून समजावलेला भाग सहा आठवड्यांनी जास्त लक्षात राहिला; एकूण व्याख्यान मात्र विनोदामुळे जास्त समजलं नाही. म्हणून विनोदाच्या पोटातच संकल्पना हवी. पहाटे पाचला मांजर कानाशी ओरडते. मालक उठून दूध देतो. ओरडणं थांबतं. कोण काय शिकलं? मांजरीपुढे दूध आलं, ओरडणं वाढलं: धन प्रबलन. मालकाचा त्रास गेला, दूध देणं वाढलं: ऋण प्रबलन. मांजरीने मालकाला शिकवलं, हे ध्यानात येतं तेव्हा वर्ग हसतो, आणि तेच तर समजायचं होतं.

शेवटी अवघड उदाहरण ठेवा. बैल रेंगाळला, पराणी टोचली, तो चालू लागला, टोचणं थांबलं. अर्धा वर्ग शिक्षा म्हणेल, अर्धा ऋण प्रबलन. दोघेही बरोबर असू शकतात: पुढे रेंगाळणं घटलं तर त्या वागण्याला शिक्षा झाली, चालणं वाढलं तर त्या वागण्याचं ऋण प्रबलन झालं. परीक्षेतल्या प्रश्नात कोणत्या वागण्याबद्दल विचारलंय हे लिहिलेलं नसेल, तर तो प्रश्नच चुकलेला आहे.