पाणी अडतं कुठे?

भाचीने गोव्यात पर्वरीला घर घेतलं. स्वयंपाकघर लावताना तिचा फोन आला, "मामा, कॉफीसाठी शंकूसारखं घेऊ, सपाट तळाचं घेऊ की ते काचेचं मोठं भांडं? सगळी गाळणीच ना शेवटी?" हा लेख तिच्या त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

चोथा अडवते ती गाळणी, असं आपण धरून चालतो. पण पोअर-ओव्हरमध्ये, म्हणजे पुडीवर वरून गरम पाणी ओतून गाळलेल्या कॉफीत, चोथा अडवतो तो कागद, आणि हे काम तो कुठल्याही भांड्यात करतो. मेलिटा बेंट्झ या जर्मन गृहिणीने १९०८ साली भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घालून कॉफी गाळली, तेव्हाच तो प्रश्न सुटला होता. आज भांड्या-भांड्यांत जो फरक आहे तो वेगळा आहे: पाणी कुठे अडतं आणि किती वेळ अडतं.

आपल्याकडचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार आठवा. जून-जुलैत जांभ्यावर कोसळलेलं पाणी दगडाच्या भोकाभोकांतून आत मुरतं आणि डोंगराच्या पायथ्याशी झरीतून बाहेर येतं. पाऊस गेल्यावरही झर वाहत राहते, कारण आतल्या वाटा अरुंद आणि वाकड्यातिकड्या असतात. कॉफीच्या पुडीत नेमकं हेच घडतं, फक्त तीन मिनिटांत.

या वाहण्याचा नियम आन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने शोधला. दिजाँ शहराचा पाणीपुरवठा त्याने उभा केला होता. वाळू भरलेल्या उभ्या नळ्यातून पाणी सोडून त्याने मोजमापं घेतली आणि १८५६ साली ती प्रसिद्ध केली. थराचं क्षेत्रफळ वाढवलं की पाणी त्या प्रमाणात जास्त जातं. वरचा दाब वाढवला तरी तसंच. थर जाड केला की त्या प्रमाणात कमी जातं. उरतो एक गुणक, वाळूचा स्वतःचा, त्याला पार्यता म्हणतात. ही पार्यता ढोबळमानाने कणाच्या व्यासाच्या वर्गावर ठरते. म्हणजे कण निम्म्या आकाराचा केला, तर पाणी निम्मं नाही, चौथा हिस्सा जाईल.

हा वर्ग मला एकदा चांगलाच भोवला. दुकानात "फिल्टर कॉफी द्या" म्हटलं आणि जी पूड मिळाली तीच कागदात घातली. ती होती स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरची: बारीक, वर चिकोरी मिसळलेली. त्या फिल्टरात डिकॉक्शन थेंबथेंब उतरणं अपेक्षितच असतं. माझ्या कागदावर मात्र गाळ बसल्यासारखा काळा चिकट थर झाला, पाणी वर तुंबून राहिलं, आणि दहा मिनिटांनी जे उतरलं ते कडू जहर होतं. आंबट द्रव्यं पाण्यात आधी उतरतात, गोडवा त्यांच्या मागून येतो आणि कडवट, तुरट द्रव्यं रेंगाळत शेवटी येतात. पाणी रेंगाळलं की तीही कपात येतात.

आता आकाराकडे येऊ. १५ ग्रॅम पूड साधारण ४५ घनसेंटिमीटर जागा घेते असं धरा. ६० अंशांच्या शंकूत (व्ही६० या शंकूसारख्या भांड्याच्या नावातले ६० ते हेच) शंकूचं घनफळ काढलं तर थराची खोली ५ सेंटिमीटर येते. तीच पूड ५ सेंटिमीटर व्यासाच्या सपाट तळावर पसरली तर खोली जेमतेम सव्वादोन. म्हणजे शंकूत पाण्याला मधोमध दुपटीहून लांब वाट कापावी लागते. त्यातही गंमत अशी की शंकू खाली निमुळता होत जातो. निम्म्या उंचीवर त्याचं क्षेत्रफळ चौथाई, म्हणून सगळं पाणी खालीच उतरत असेल तर तिथे त्याचा वेग चौपट. टोकाजवळच्या कणांवरून कपभर पाणी धावतं, कडेच्या कणांवरून त्यातलं थोडंच. एकाच भांड्यात कुणी जास्त धुतलं गेलं, कुणी कमी.

प्रत्यक्षात सगळं पाणी टोकाशी जात नाही. शंकूच्या आतल्या वळणदार उभारांमुळे कागद भिंतीला चिकटत नाही, मागे फट राहते. काही पाणी पुडीला पुरतं न भेटताच कागदातून त्या फटीत शिरतं आणि खाली येतं. धार कडेला पडली की हे जास्त होतं. खालचं भोक इतकं मोठं की ते काहीच अडवत नाही. सगळा विरोध पुडीचा आणि कागदाचा. म्हणून शंकूत तुमचा हातच नळ असतो. हात हलला की चव हलली.

कलिटा वेव्ह या भांड्याचा तळ सपाट असतो, त्याला तीन बारीक भोकं असतात. मेलिटाच्या चपट्या पाचरीला एकच बारीक भोक. इथे विरोधाचा वाटा भोकांकडेही जातो, त्यामुळे ओतण्यातली चूक बरीच झाकली जाते. भाचीने विचारलेलं काचेचं मोठं भांडं म्हणजे केमेक्स. ते १९४१ साली पीटर श्लुमबोम या रसायनतज्ज्ञाने बनवलं, आणि ते प्रयोगशाळेतल्या चंबूसारखंच दिसतं. त्याची काच गुळगुळीत, कागद जाड. ओला कागद काचेला चिकटतो आणि खालची हवा अडकली की धार थांबते. म्हणून कागदाची तीन पदरी बाजू चोचीकडे ठेवायची, तिथून हवा सुटते.

पहिलं थोडं पाणी घातल्यावर पूड फुगते, बुडबुडे येतात. तो भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड. वायू सुटत असताना पाणी नीट आत शिरत नाही, म्हणून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं. नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीवर लोक टाळ्या वाजवून बुडबुडे "बोलावतात". एकदा काठावर दहा मिनिटं गप्प उभं राहून पाहा, बुडबुडे तेव्हाही येतात.

चिनी मातीचं भांडं जास्त चांगलं, हाही असाच एक समज. ३०० ग्रॅमचं थंड भांडं पुरतं तापलं तर २५० मिलिलिटर पाण्याचं तापमान दहाएक अंशांनी खाली ओढू शकतं. आधी उकळत्या पाण्याने ते तापवायला हवं. प्लॅस्टिकचं हलकं भांडं उष्णता कमी खातं आणि खिशालाही परवडतं.

कागदाचा एक फायदा मात्र खरा आहे. कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं, आणि ते बहुतांशी कागदात अडकतं. स्टीलच्या जाळीतून बरंच खाली येतं. त्यापुढे जाऊन कुणी या कॉफीने चरबी वितळते म्हणून सांगत असेल, तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

भाचीला सकाळी मुलाचा डबा, गॅसवर दूध आणि दारात शाळेची बस असते. तिला मी सपाट तळाचं प्लॅस्टिकचं घ्यायला सांगितलं, आणि पूड दळून घेताना जाड रव्याइतकी मागायला. शंकू माझ्याकडे आहे, रविवारी येऊन हात बसवून बघ म्हटलं. पावसाळ्यात पूड लहान, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव, हेही बजावलं. आपल्या दमट हवेत उघडी राहिलेली पूड ओल धरते, तिच्या गुठळ्या होतात, आणि मग पाणी गुठळीला वळसा घालून सरळ खाली जातं.