रिकॉलनंतरच्या कैदेची मोजणी (इंग्लंड व वेल्स)

इंग्लंड व वेल्समध्ये ठरावीक मुदतीची शिक्षा झालेला बहुतेक कैदी शिक्षेचा काही भाग तुरुंगात काढतो आणि उरलेला काळ लायसन्सवर, म्हणजे प्रोबेशनच्या देखरेखीखाली अटी पाळत, बाहेर राहतो. अट मोडल्यास २००३ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम २५४ खाली लायसन्स रद्द करून त्याला परत आत घेता येते. यालाच रिकॉल म्हणतात. ही नवी शिक्षा नव्हे. लायसन्सवर बाहेर काढलेले दिवस मूळ शिक्षेत धरले जातात. धरला जात नाही तो फक्त फरार काळ. महाराष्ट्रातील पॅरोलशी याची गल्लत करू नये: १९५९ च्या नियमांनुसार तिथे पॅरोलचे दिवस शिक्षेत मोजत नाहीत, फर्लोचे मोजतात.

उदाहरणार्थ, १० जानेवारी २०२२ रोजी ४ वर्षांची शिक्षा झाली. ती एरवी ९ जानेवारी २०२६ ला संपते. आधी ६१ दिवस कच्ची कैद भोगली असेल तर ते वजा करून शेवटची तारीख ९ नोव्हेंबर २०२५ येते. अर्धी शिक्षा भरल्यावर, १० नोव्हेंबर २०२३ ला, कैदी सुटला. ३ जून २०२४ ला लायसन्स रद्द झाले आणि २९ जूनला तो सापडला. ४ ते २८ जून हे २५ दिवस फरार काळ. ते पुढे ढकलले की शिक्षा ४ डिसेंबर २०२५ ला संपते. अट मे महिन्यात मोडली असली तरी फरार काळ लायसन्स रद्द झाल्यापासूनच धरायचा. इथे हमखास चूक होते.

साध्या रिकॉलमध्ये कैदी या शेवटच्या तारखेपर्यंत आत राहू शकतो, पण पॅरोल बोर्ड त्याला आधीही सोडू शकते. ठरावीक मुदतीच्या रिकॉलमध्ये, म्हणजे ठरलेले दिवस आत ठेवून पुन्हा सोडण्याच्या प्रकारात, १२ महिन्यांहून कमी शिक्षेला १४ दिवस आणि त्याहून मोठ्या शिक्षेला २८ दिवस, अशी बराच काळ विभागणी होती. हे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, त्यामुळे रिकॉलच्या तारखेला कोणता नियम लागू होता ते आधी पाहावे.

खरी गुंतागुंत नवा गुन्हा घडल्यावर होते. रिकॉलवर आत असतानाच नव्या खटल्यात कच्ची कैद सुरू असेल, तर ते दिवस नव्या शिक्षेतून वजा होत नाहीत, कारण ते जुन्या शिक्षेत आधीच मोजले गेलेले असतात. जुनी शिक्षा संपल्यावर नवी सुरू होईल, असा आदेशही न्यायालयाला देता येत नाही. नवी शिक्षा सुनावल्या दिवसापासून चालू लागते आणि दोन्ही बरोबरीने धावतात. सुटकेची तारीख मग दोन्हींपैकी जी उशिराची असेल तीच.