सॉरॉन म्हणजे नुसता डोळा नव्हे

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला खलनायक सॉरॉन म्हणजे मनोऱ्याच्या टोकावरचा जळता डोळा, त्याला शरीरच नाही, हा समज पीटर जॅक्सनच्या चित्रपटांनी (२००१ ते २००३) पक्का केला. पहिल्या चित्रपटात जादूगार सारुमान तसं सांगतोही. टोलकीनच्या कादंबरीत (१९५४-५५) मात्र सॉरॉनला देह आहे. त्याच्या हातून छळ सोसलेला, अंगठीच्या मोहात अडकलेला गॉलम शहारत कथानायक फ्रोडोला सांगतो की त्या काळ्या हाताला चारच बोटं आहेत, पण तेवढी पुरेशी आहेत. पाचवं इसिल्दुर या प्राचीन राजाने सॉरॉनच्या जादूच्या अंगठीसाठी छाटलं होतं. हजारो वर्षं लोटली, देह पुन्हा घडला, तरी ते बोट आलं नाही. मला हा तपशील त्या धगधगत्या डोळ्यापेक्षा कितीतरी भयंकर वाटतो. फ्रोडोचा सोबती पिपिन जादूच्या गोलात पाहतो तेव्हाही पलीकडून ‘तो’ प्रश्न विचारतो, हसतो.

मग डोळा आला कुठून? तोही पुस्तकातलाच. गॅलाड्रिएल या एल्फ स्त्रीच्या जादूच्या आरशात फ्रोडोला तो दिसतो, सॉरॉनच्या सैन्यातल्या ऑर्कांच्या ढालींवर तो चिन्ह म्हणून असतो. सतत शोधत फिरणारी ती सॉरॉनची इच्छाशक्ती आहे. पडद्यावर त्या इच्छाशक्तीचाच देह झाला. टोलकीनने १९६३च्या एका पत्रात सॉरॉनचं रूप स्पष्ट केलं आहे: माणसासारखं, माणसाहून मोठं, पण अजस्र नव्हे.