पार्श्वभूमी : अमेरिकेचा पश्चिमविस्तार आणि गुलामगिरीचा राजकीय तंटा

1860 च्या अध्यक्षीय निवडणुकीत अब्राहम लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाने गुलामगिरी बंद करण्याचे आश्वासन दिलेले नव्हते. ज्या राज्यांत ती आहे तेथे तिला हात लावणार नाही, मात्र पश्चिमेकडील ज्या प्रदेशांना अद्याप राज्याचा दर्जा मिळालेला नाही तेथे तिला शिरू देणार नाही, एवढीच त्या पक्षाची भूमिका होती. तरीही 4 मार्च 1861 रोजी लिंकन यांचा शपथविधी होण्यापूर्वीच दक्षिणेतील सात राज्ये संघराज्यातून फुटून निघाली. 1860 च्या जनगणनेत कॅन्सस प्रदेशात 2 आणि नेब्रास्का प्रदेशात 15 गुलाम नोंदले गेले होते. इतक्या थोड्या माणसांवरून देश फुटण्याची वेळ का आली, हे समजण्यासाठी कापसाचे अर्थकारण आणि सेनेटची (अमेरिकी काँग्रेस म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची) रचना या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

1793 मध्ये एली व्हिटनी यांनी सरकी काढण्याचे यंत्र तयार केले आणि आखूड धाग्याचा कापूस दक्षिणेच्या आतल्या भागातही फायद्याचा ठरला. जॉर्जिया, अलाबामा आणि मिसिसिपी येथील चेरोकी, क्रीक, चोक्टॉ इत्यादी मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावून तेथे मळे उभे राहिले. 1830 च्या कायद्याने या लोकांना मिसिसिपी नदीपलीकडे घालवण्याची सरकारी तजवीजही झाली. तंबाखूने जमिनी खालावलेल्या व्हर्जिनियातील मालक आपल्याकडील गुलाम या नव्या मळ्यांना विकू लागले. म्हणजे ज्याचा कापसाशी थेट संबंध नव्हता त्याच्याही मालमत्तेची किंमत नवी जमीन मिळत राहण्यावर अवलंबून राहिली. 1790 मध्ये सुमारे 7 लाख असलेली गुलामांची संख्या 1860 पर्यंत साडेएकोणचाळीस लाखांवर गेली.

राजकीय बाजू याहून नाजूक होती. गुलामांची तीन पंचमांश गणना (म्हणजे जागा ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन माणसे मोजणे) धरूनही लोकसंख्येवर आधारलेल्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, उत्तरेचे पारडे जड होत चालले होते. सेनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला दोनच जागा असल्याने, राज्यांची संख्या सारखी राहील तोवर दक्षिणेला नको असलेला कायदा अडवता येत असे. 1803 मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरांना घेतलेल्या लुइझियानाच्या विस्तीर्ण भूमीतून मिसुरी हे राज्य होऊ लागले, तेव्हा हा तोल प्रथम ढळला. 1819 मध्ये न्यूयॉर्कचे जेम्स टॅलमॅज यांनी तेथे क्रमाक्रमाने गुलामगिरी संपवण्याची दुरुस्ती मांडली. ती प्रतिनिधिगृहात संमत झाली आणि सेनेटमध्ये फेटाळली गेली. पुढच्या वर्षी तडजोड झाली ती अशी, की मिसुरीत गुलामगिरी राहावी, मेन हे मुक्त, म्हणजे गुलामगिरी नसलेले, राज्य व्हावे आणि लुइझियानाच्या उरलेल्या भूमीत 36 अंश 30 मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी असावी. वृद्ध माजी अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांना हा वाद रात्री वाजणाऱ्या आगीच्या घंटेसारखा वाटला होता.

ही रेषा जवळजवळ चौतीस वर्षे टिकली, कारण ती ज्या भूमीवर ओढली होती तिच्या बाहेर देश फारसा गेला नव्हता. 1845 मध्ये टेक्सस सामील झाले आणि 1848 च्या तहाने मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियासह मोठा मुलूख मिळाला, तेव्हा तोच प्रश्न नव्याने उभा राहिला. मेक्सिकोत गुलामगिरी आधीच रद्द झालेली होती, हे येथे ध्यानात घ्यावे. मेक्सिकोशी युद्ध चालू असतानाच, 1846 मध्ये, पेनसिल्व्हेनियाचे डेव्हिड विल्मॉट यांनी जिंकलेल्या भूमीत गुलामगिरी नको असा प्रस्ताव आणला. मात्र आपला हेतू गोऱ्या कष्टकऱ्यांसाठी जमीन राखण्याचा आहे, हे त्यांनी लपवले नाही. उत्तरेतील सगळ्याच विरोधकांना कनवाळू ठरवण्याची घाई करू नये ती यासाठी.

1850 च्या तडजोडीने कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले आणि मोबदल्यात दक्षिणेला पळून गेलेल्या गुलामांविषयीचा कठोर कायदा मिळाला. या कायद्याखाली पकडलेल्या माणसाला मालकाच्या स्वाधीन केल्यास निवाडा करणाऱ्या सरकारी आयुक्ताला 10 डॉलर आणि सोडून दिल्यास 5 डॉलर शुल्क मिळत असे. आरोपीला ज्यूरीपुढे जाण्याचा किंवा स्वतः साक्ष देण्याचा हक्क नव्हता. दूरच्या माळरानांचा वाद त्यामुळे उत्तरेतील बोस्टनच्या रस्त्यावर येऊन ठेपला.

त्यानंतरचा घाव इलिनॉयचे सेनेटर स्टीफन डग्लस यांनी घातला. पश्चिमेकडे जाणारा लोहमार्ग मधल्या प्रदेशातून जावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्या प्रदेशाची प्रशासकीय घडी बसवणे आवश्यक होते आणि 1820 च्या रेषेच्या उत्तरेकडील त्या भूमीसाठी दक्षिणेची मते हवी होती. ती मिळवण्यासाठी 1854 च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने रेषाच रद्द केली आणि निर्णय तेथील वसाहतकऱ्यांच्या मतावर सोपवला. प्रतिनिधिगृहातील मतदान 113 विरुद्ध 100 असे झाले. तोवरच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक असलेला व्हिग पक्ष यात मोडला आणि रिपब्लिकन पक्ष जन्मास आला.

कागदावर लोकशाहीला धरून दिसणाऱ्या या उपायाचे प्रत्यक्षात काय झाले, ते मार्च 1855 च्या निवडणुकीत दिसले. जनगणनेप्रमाणे कॅन्ससमध्ये 2,905 मतदार असताना 6,307 मते पडली, कारण शेजारच्या मिसुरीतून सशस्त्र टोळ्या मतदानापुरत्या सीमा ओलांडून आल्या होत्या; मिसुरीचे माजी सेनेटर डेव्हिड ॲचिसन स्वतः त्यांत होते. मुक्त राज्यवाद्यांनी टोपेका येथे वेगळे सरकार मांडले, मात्र त्यांच्याच मतदारांनी मुक्त कृष्णवर्णीयांनाही राज्याबाहेर ठेवण्याचा कौल दिला. शॉनी, डेलावेअर आदी ज्या जमातींना कायमचे घर म्हणून हा मुलूख देण्यात आला होता, त्यांना तर या वादात कोणी विचारलेही नाही. 21 मे 1856 रोजी मुक्त राज्यवाद्यांचे लॉरेन्स गाव गुलामगिरीच्या समर्थकांकडून लुटले गेले. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स यांनी सेनेटच्या सभागृहातच गुलामगिरीविरोधी सेनेटर चार्ल्स समनर यांना काठीने बेदम मारले. त्यानंतर दोन दिवसांनी गुलामगिरीचे कट्टर विरोधक जॉन ब्राउन यांच्या टोळीने पॉटावॉटमी खाडीजवळ पाच जणांना ठार केले.

1857 मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा अधिकार काँग्रेसला नाही असे ठरवल्यावर तडजोडीची जागाच उरली नाही. 1860 च्या अखेरीस केंटकीचे सेनेटर जॉन क्रिटेंडन यांनी जुनी रेषा पश्चिमेकडे वाढवण्याची आणि तिच्या दक्षिणेस पुढे मिळणाऱ्या भूमीतही गुलामगिरीला संरक्षण देण्याची सूचना केली. लिंकन यांनी ती नाकारली. अशी सवलत दिल्यास वर्षभराच्या आतच क्यूबा घेण्याची अट पुढे येईल, असे त्यांनी जानेवारी 1861 मधील एका पत्रात लिहिले. दक्षिणेचे सदस्य निघून गेल्यावर काँग्रेसने 1862 मध्ये सहा आठवड्यांच्या आत वसाहतकऱ्यांना 160 एकर जमीन देणारा आणि पॅसिफिक लोहमार्गाला मंजुरी देणारा, असे दोन्ही रखडलेले कायदे केले. त्यांच्या मधोमध, 19 जून रोजी, ड्रेड स्कॉट निकालाची पर्वा न करता सर्व प्रदेशांत गुलामगिरी बंद करण्यात आली.