चट्टा बधिर का होतो?

कुष्ठरोगात हातापायांची बोटे झडतात, ही समजूत इतकी खोल रुजली आहे की सुशिक्षित माणसेही ती सहज बोलून जातात. प्रत्यक्षात बोटे झडत नाहीत. संवेदना गेलेल्या हाताला चटका बसला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि वारंवारच्या जंतुसंसर्गाने आतले हाड झिजून बोट आखूड होत जाते. रोग दिसतो त्वचेवर, पण त्याचे खरे घर चेतातंतूंत असते.

नॉर्वेच्या गेरहार्ड आर्मौर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला मायकोबॅक्टेरियम लेप्री हा जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंद आहे, मात्र विलक्षण संथ. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. त्याची निम्मी जनुके निकामी झालेली असल्याने तो यजमानाच्या पेशीबाहेर वाढत नाही आणि प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमात आजवर वाढवता आलेला नाही.

चेतातंतूंना वेढणाऱ्या पेशींना थिओडोर श्वान यांच्या नावावरून श्वान पेशी म्हणतात. या पेशींच्या बाहेरच्या पातळ पटलात लॅमिनिन नावाचे प्रथिन असते, आणि जंतूच्या भित्तिकेवरील फिनॉलिक ग्लायकोलिपिड हा मेदयुक्त रेणू नेमका त्यालाच चिकटतो. त्या आधाराने जंतू पेशीत शिरतो. शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडे थंड ठिकाण त्याला मानवते, म्हणून कोपराजवळचे, गुडघ्यामागचे, त्वचेलगतचे चेतातंतू आधी त्याच्या तावडीत सापडतात. प्रतिकारशक्तीने जोरात हल्ला केला तर जंतू थोडेच उरतात, पण त्या लढाईत सुजलेला चेतातंतूही भरडला जातो. प्रतिकार दुबळा असेल तर जंतू अब्जांच्या संख्येने पसरतात आणि नुकसान संथपणे, पण दोन्ही बाजूंना होते.

म्हणूनच निदानाची पहिली कसोटी साधी आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगून फिकट किंवा लालसर चट्ट्यावर कापसाचे टोक टेकवायचे आणि स्पर्श कोठे झाला ते बोट ठेवून दाखवायला सांगायचे. जाड झालेला चेतातंतू हाताला लागणे आणि त्वचेच्या नमुन्यात जंतू सापडणे, ही निदानाची आणखी दोन लक्षणे होत. पांढऱ्या कोडाच्या डागावर स्पर्श पूर्ण समजतो. त्याला श्वेतकुष्ठ म्हणण्याच्या जुन्या चुकीने असंख्य निरोगी माणसांना विनाकारण वाळीत टाकले. आणि ज्यांना खरोखर कुष्ठरोग होतो, त्यांनाही तो पूर्वजन्मीच्या पापाने नव्हे, जंतूमुळेच होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवलेल्या बहुविध औषधोपचारात रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन ही औषधे येतात. पाचपर्यंत चट्टे असल्यास सहा महिने आणि त्याहून अधिक असल्यास बारा महिने ती घ्यायची असतात. एकच औषध दिल्यास जंतू त्याला दाद देईनासा होतो, हा डॅप्सोनचा कटू अनुभव होता. क्लोफॅझिमिनने त्वचा काळवंडते आणि रुग्ण घाबरून गोळ्या सोडतो, म्हणून हा रंग पुढे ओसरतो हे आधीच सांगावे लागते. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच संपतो, मात्र मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही शरीर भडकून प्रतिक्रिया देऊ शकते. उपचार चालू असताना किंवा संपल्यानंतर चेतातंतू दुखू लागला, हाताची पकड ढिली पडली, तर प्रेडनिसोलोनसारखे सूज उतरवणारे औषध वेळेवर मिळाले तरच तो तंतू वाचण्याची आशा असते.