युद्धात जन्मलेलं डायलिसिस

६ डिसेंबर २०२२, मंगळवार. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि एसटीने कर्नाटकात येणाऱ्या फेऱ्या थांबवल्या. चंदगड तालुक्यातल्या आमच्या मामांची किडनी निकामी झालीय. त्यांचं डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणं, बेळगावात असतं, सोमवार-बुधवार-शुक्रवार. बुधवारी पहाटे मामी फाइल आणि डबा घेऊन त्यांना वडापने सीमेवरच्या शिनोळीपर्यंत घेऊन आली. तिथून पुढे मी केए-२२ नंबरच्या गाडीतून नेलं. पोहोचेपर्यंत त्यांची वेळ टळून गेली होती. पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती.

तो सीमाप्रश्नाचा ताण होता, युद्ध नव्हतं, आणि दोन्ही एका मापाने मोजणं बरोबर नाही. पण डायलिसिसवरच्या माणसाला रस्ता म्हणजे काय, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. लघवी जवळपास बंद झालेली असते, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, फुप्फुसात उतरतं. रक्तातलं पोटॅशियम वाढत गेलं तर हृदय अचानक थांबतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून तर मामी ते घरात येऊ देत नाही.

डायलिसिसचं यंत्र मुळात युद्धातच जन्मलं. जर्मनांनी व्यापलेल्या नेदरलँड्समधल्या कांपेन शहरात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये ते पहिल्यांदा माणसावर वापरलं. लाकडी पट्ट्यांचं आडवं पिंप, त्याभोवती गुंडाळलेली सेलोफेनची लांबलचक नळी (सॉसेज भरायला वापरतात ती), खाली क्षार मिसळलेल्या पाण्याचा टब. पिंप फिरायचं, नळीतलं रक्त पाण्यातून जायचं आणि त्यातला टाकाऊ युरिया पाण्यात उतरायचा. सुरुवातीचे जवळपास सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षं जगली. नाझींना साथ दिली म्हणून ती कैदेत होती. तिच्यावर लोकांचा राग होता, तरी कोल्फने तिच्यावर उपचार केले. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: डायलिसिसने वाचवलेली पहिली बाई शत्रूच्या बाजूची होती.

पुढे कोरियाचं युद्ध. जखमी सैनिकाची किडनी बंद पडली की दहांतले आठ-नऊ जण मरायचे. १९५२ मध्ये वोन्जूच्या अमेरिकन लष्करी रुग्णालयात डायलिसिस सुरू झालं आणि हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. तोवर डायलिसिस म्हणजे काही दिवसांचा आधार होता. किडनी सावरली की यंत्र सुटायचं.

१९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी बसवली. १९६६ मध्ये शीर आणि धमनी जोडून केलेला फिस्टुला आला. मामांच्या मनगटावर बोट ठेवलं की मधमाशी अडकल्यासारखी जी थरथर लागते, ती त्याचीच. किडनी नसतानाही माणूस वर्षानुवर्षं जगू लागला. त्याच दिवसापासून युद्धात सापडणारा एक नवा माणूस तयार झाला. तो लढत नाही, जखमीही नसतो, पण आठवड्यातून तीनदा त्याला रुग्णालय गाठावंच लागतं. खंदकात महिनाभर लपून राहणं त्याला जमणार नाही.

१९४९ च्या जिनिव्हा करारांनी रुग्णालयांना संरक्षण दिलं. मे २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२८६ क्रमांकाच्या ठरावाने रुग्णालयांवरचे हल्ले पुन्हा निषिद्ध ठरवले. गाझात त्यानंतर जे घडलं ते आपण पाहिलंच. चार तासांचं डायलिसिस दोन-तीन तासांवर आलं, आठवड्याच्या तीन फेऱ्यांच्या दोन झाल्या. उत्तर गाझातलं नूरा अल-काबी डायलिसिस केंद्र २०२५ मध्ये जमीनदोस्त झालं. आणि इमारत शाबूत राहिली तरी डिझेल संपलं की जनरेटर बंद, जनरेटर बंद की पाण्याचा पंप बंद.

पाण्याचा हिशेब बाहेरच्याला सहसा ठाऊक नसतो. मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने चार तासांत सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी यंत्रातून जातं आणि ते शुद्ध करताना आरओतून आणखी बरंच वाया जातं. मामांना हे पाठ आहे. त्यांच्या खाटेमागूनच ती पाइप जाते. मध्यंतरी वॉर्डातल्या टीव्हीवर गाझाची बातमी लागली होती. मामा सुई टोचलेला हात जराही न हलवता बघत राहिले आणि मग एवढंच विचारलं, "तिथं पाणी कुठनं आणत असतील रे?"